भंगार विक्री, रुपये ६४०

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात ज्येष्ठ नागरिकांच्या सत्रात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून लिहून काढलं आहे.)



सचिवांनी मला जेव्हा सांगितलं की काका, तुम्ही वीस मिनिटं बोला, तेव्हा त्यांना वाटलं असेल की मी मुदत ठेव, नॉमिनेशन आणि फसव्या फोनपासून सावधगिरी, यावर बोलेन. ते मी दरवर्षी बोलतोच. आज मात्र मला चित्रकलेवर बोलायचंय. हसू नका. माझा आणि चित्रकलेचा संबंध शाळेतल्या एलिमेंटरी परीक्षेत संपला, हे मला मान्य आहे. पण आपल्या सोसायटीच्या एका जुन्या हिशेबाशी या विषयाचा संबंध आहे, म्हणून मी तो मुद्दाम निवडला. हिशेबाकडे शेवटी येतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दीड महिना घरात. टीव्हीचा कंटाळा आला. पुण्याहून लेक आली तिनं चित्रकारांवरची दोन-तीन जाडजूड पुस्तकं आणली. म्हणाली, "बाबा, वाचू नका, नुसती बघा." मी बँकेतला माणूस, मला कागद दिसला की वाचल्याशिवाय राहवत नाही. मी वाचली. आणि त्यात मला दोन माणसं भेटली. एक जर्मनीतल्या हानोफरचा, दुसरा आपल्या मुंबईतल्या गोरेगावचा. दोघंही अशा वस्तूंपासून चित्रं करायचे ज्या तुम्ही-आम्ही रद्दीत टाकतो. याला म्हणतात कोलाज. म्हणजे चिकटवून केलेलं चित्र. आपल्या बायाबापड्या शेकडो वर्षं वाकळ शिवतात, जुन्या लुगड्याचा काठ, धोतराचा तुकडा, लेकराच्या झबल्याची बाही, सगळं एकत्र करून. तेही एका परीनं तेच आहे. फक्त वाकळ अंगावर घेतात, कोलाज भिंतीवर लावतात.

पहिला माणूस, कुर्ट श्विटर्स. जन्म १८८७, हानोफर. रीतसर चित्रकला शिकलेला, चांगली निसर्गचित्रं, माणसांचे हुबेहूब चेहरे काढणारा. लहानपणापासून फिट्सचा त्रास. पहिल्या महायुद्धात काही काळ एका लोखंडाच्या कारखान्यात नकाशे काढायचं काम केलं. युद्ध संपलं, जर्मनी हरली, सगळा देश मोडून पडला. तेव्हा या माणसानं काय केलं? रस्त्यावर पडलेलं वेचायला सुरुवात केली. ट्रामची तिकिटं, पाकिटांवरचे शिक्के, चॉकलेटचे कागद, तारेचे तुकडे, मोडकी चाकं, लाकडाच्या ढलप्या, बटणं, दोऱ्या. घरी आणायचा आणि फळीवर चिकटवायचा, खिळ्यानं ठोकायचा, त्यावर रंग द्यायचा. त्याचं म्हणणं साधं होतं. जे होतं ते सगळं मोडलंय, तेव्हा नवीन काही करायचं तर या तुकड्यांतूनच करावं लागेल.

आता बँकवाल्यांसाठी खास गोष्ट. १९१९ साली त्यानं एका चित्रात छापील जाहिरातीचा एक फाटका तुकडा चिकटवला. ती जाहिरात एका बँकेची होती. बँकेचं नाव 'कोमेर्त्स उंड प्रिव्हाटबांक'. कोमेर्त्स म्हणजे व्यापार. फाटताना त्यातली फक्त शेवटची अक्षरं उरली, 'मेर्त्स'. या शब्दाला काहीही अर्थ नाही. त्यानं तोच आपल्या कलेचा शिक्का केला. पुढे आयुष्यभर तो जे जे करी, चित्र, कविता, मासिक, घर, सगळ्याला 'मेर्त्स' म्हणे. स्वतःलाही म्हणवून घेई. मी छत्तीस वर्षं बँकेत काढली. आमच्या जाहिरातींतून एकही चित्रकार निघाला नाही, याची मला आता खंत वाटते.

पुढे १९२३ साली जर्मनीत चलनाची अशी अवस्था झाली की एका पावाला अब्जावधी मार्क पडू लागले. सकाळचा पगार संध्याकाळपर्यंत रद्दी. आपल्याकडे २०१६ च्या नोव्हेंबरात पाचशे-हजाराच्या नोटा घेऊन आपण सगळे रांगेत उभे होतो, तेव्हा मी निवृत्त होतो, रांगेतच होतो. हातातला कागद तोच, त्यावरची सही तीच, आणि रात्रीतून त्याची किंमत बदलली. वस्तूला किंमत कोण देतं, हा प्रश्न मला नोकरीत कधी पडला नव्हता. त्या रांगेत पहिल्यांदा पडला.

श्विटर्स वेडाच होता, असं शेजारीपाजारी म्हणत असणार. हानोफरच्या आपल्या घरात त्यानं एका खोलीत वस्तूंचा एक खांब उभा करायला घेतला. तो वाढत गेला. खोलीभर पसरला, शेजारच्या खोल्यांत गेला, लाकूड आणि प्लास्टर लावून लावून आतमध्ये गुहा, कोनाडे, कपारी. मित्रांच्या वस्तूही त्यात बसवायचा, कुणाची पेन्सिल, कुणाच्या बुटाच्या नाडीचा तुकडा. त्याची बायको हेल्मा हे सगळं सांभाळायची. मला या बाईंबद्दल फार आदर वाटतो. आमच्या घरी मी जुन्या डायऱ्या ठेवतो तेवढ्यावरून काय ऐकावं लागतं, ते मी जाणतो.

मग हिटलर आला. अशा कलेला नाझींनी 'भ्रष्ट कला' ठरवलं. १९३७ साली म्युनिकला तिचं प्रदर्शन भरवलं, लोकांनी येऊन हसावं म्हणून. त्यात श्विटर्सचीही चित्रं होती. तो त्याआधीच, त्या वर्षाच्या सुरुवातीला, मुलामागोमाग नॉर्वेला निघून गेला होता. हेल्मा मागे राहिली, घर आणि म्हातारी माणसं सांभाळायला. १९४० साली जर्मन फौजा नॉर्वेतही शिरल्या. तो तिथून जहाजानं स्कॉटलंडला पळाला. इंग्रजांनी त्याला शत्रूराष्ट्राचा नागरिक म्हणून आयल ऑफ मॅन या बेटावर छावणीत डांबलं. जर्मनीत तो देशद्रोही, इंग्लंडात जर्मन. त्या छावणीतही तो गप्प बसला नाही. सोबतच्या कैद्यांचे चेहरे काढले, आणि न्याहारीला मिळणारी लापशी साठवून साठवून तिच्या मूर्ती केल्या. त्यांना बुरशी आली, वास सुटला. रात्री तो कुत्र्यासारखा भुंकायचा, असंही सोबतच्या लोकांनी सांगून ठेवलंय. दीड वर्षानं सुटला.

१९४३ च्या ऑक्टोबरात हानोफरवर बॉम्ब पडले. त्यात त्याचं ते घर, वर्षानुवर्षांचं काम, एका रात्रीत गेलं. पुढच्याच वर्षी हेल्माही कॅन्सरनं गेली. युद्ध सुरू झाल्यावर त्यांची पुन्हा भेट झाली नाही.

शेवटची अडीच वर्षं तो उत्तर इंग्लंडात ॲम्बलसाइड या डोंगरातल्या गावी राहिला. पोटासाठी लोकांचे चेहरे, डोंगर-तळी रंगवून विकायचा. १९४७ साली न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमनं त्याला हजार डॉलर मंजूर केले. त्या पैशातून त्यानं जवळच्या एका शेतातल्या दगडी कोठारात पुन्हा पहिल्यापासून काम सुरू केलं. साठ वर्षांचं वय, प्रकृती ढासळलेली, थंडीचे दिवस. एक भिंत जेमतेम उभी राहिली. १९४८ च्या जानेवारीत तो वारला. इंग्लंडचं नागरिकत्व मिळाल्याचं पत्र त्याला मिळालं ते आदल्या दिवशी. आम्ही पेन्शनरांनी अशी पत्रं पाहिलीत. मंजुरी येते, पण माणूस राहत नाही.

ती भिंत मात्र वाचली. १९६५ साली ती तशीच्या तशी काढून न्यूकॅसलच्या विद्यापीठात नेऊन ठेवली. आज लोक तिकीट काढून युरोपभरच्या संग्रहालयांत या माणसानं वेचलेली जुनी तिकिटं बघायला जातात.

आता आपला माणूस. मोहन सामंत. जन्म १९२४, गोरेगाव. त्यांचं नाव तुम्ही ऐकलं नसेल, मीही ऐकलं नव्हतं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शंकर पळशीकरांसारखे शिक्षक लाभले. १९५२ साली पदविका घेतली. त्याच सुमारास प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट ग्रुपमध्ये दाखल झाले. हा ग्रुप १९४७ सालचा. सूझा, रझा, आरा, बाकरे, पंढरपूरला जन्मलेले हुसेन आणि विदर्भातले हरी अंबादास गाडे, असे सहा जण मूळचे. त्यातले काही परदेशी गेल्यावर गायतोंडे, कृष्ण खन्ना आणि सामंत ही मंडळी आली. हुसेन, रझा, गायतोंडे यांच्या चित्रांना आज कोटी-कोटी रुपये येतात, ते आपण पेपरात वाचतो. सामंतांचं नाव त्या बातम्यांत क्वचितच असतं.

खरं तर सुरुवातीला नाव होतं. बक्षिसं मिळाली. १९५७-५८ ला इटलीची शिष्यवृत्ती, रोमला गेले. १९५९ ला रॉकफेलर फेलोशिप, न्यूयॉर्कला गेले. १९६३ साली लंडनच्या टेट गॅलरीत जगभरातल्या शंभरेक निवडक चित्रकारांचं प्रदर्शन झालं, त्यात सामंतांचं चित्र होतं. ज्या न्यूयॉर्कच्या म्युझियमनं श्विटर्सला हजार डॉलर दिले, त्याच म्युझियमनं सामंतांचं 'ग्रीन स्क्वेअर' हे चित्र आपल्या संग्रहात ठेवलं. मधली तीन-चार वर्षं ते मुंबईला परत आले, आणि १९६८ साली पुन्हा न्यूयॉर्कला गेले ते कायमचे. २००४ च्या जानेवारीत तिथेच वारले.

त्यांचं काम कसं होतं? सुरुवातीला रंगात वाळू मिसळायचे, जुन्या लेण्यातल्या भिंतीसारखं चित्र खरबरीत दिसायचं. बसोहलीची लघुचित्रं, इजिप्तमधल्या थडग्यांतली चित्रलिपी, यांचा त्यांच्यावर मोठा परिणाम. पुढे पुढे ते कॅनव्हासलाच कोनाडे करू लागले. त्यात कातरलेल्या कागदाच्या आकृत्या बसवायचे. प्लास्टिकची खेळणी, बाजारात चार आण्याला मिळतात तसली, ती चित्रात चिकटवायचे. आणि तार. साधी तार वाकवून वाकवून माणूस, जनावर, झाड काढायचे आणि कॅनव्हासच्या थोडं वर बसवायचे. म्हणजे उजेड पडला की तारेची सावली मागच्या रंगावर पडते. दिवा हलवला की सावली हलते. अर्धं चित्र चित्रकाराचं, अर्धं उजेडाचं.

आणि दुसरं वेड सारंगी. चित्रकार माणूस, न्यूयॉर्कमध्ये राहतो आणि सारंगीचा रियाज करतो. हौस म्हणून नव्हे, जन्मभर, नेमानं. सारंगी वाजवणं किती अवघड आहे ते आपल्याकडच्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्यांना विचारा. नखाच्या मुळाशी तार दाबून सूर काढायचा. मला वाटतं, जो माणूस रोज सकाळी तारेवर बोट ठेवून सूर शोधतो, त्याला संध्याकाळी तारेतून माणूस काढावासा वाटला तर नवल नाही. हे माझं मत, पुस्तकातलं नाही.

समीक्षक रणजित होस्कोटे यांनी सामंतांना आपल्या आधुनिक कलेच्या इतिहासातला हरवलेला दुवा म्हटलं आहे. हरवला का? एक म्हणजे दूर राहिला. दुसरं म्हणजे एका साच्यात बसला नाही. आज वाळू, उद्या कागद, परवा तार. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं तर कोणत्या खात्यात नोंद करायची तेच कळेना, म्हणून 'सस्पेन्स'ला टाकलं, आणि सस्पेन्सला टाकलेली नोंद कुणी लवकर उघडून बघत नाही.

आता मी आपल्या गावाकडे येतो.

पूर्णा म्हणजे रेल्वे. आपल्यातल्या निम्म्या घरांत कुणी ना कुणी रेल्वेत होतं. लोको शेड, यार्ड, रेल्वे कॉलनी, भोंग्यावर घड्याळ लावणारं गाव. सिकंदराबाद-मनमाडची लाईन आणि इकडून हिंगोलीवरून अकोल्याला जाणारी मीटरगेज. जुन्या लोकांना आठवत असेल, मीटरगेजच्या गाडीचा आवाजच वेगळा. ती लाईन ब्रॉडगेज झाली, सोय झाली, चांगलंच झालं. पण त्या वेळी यार्डातून कितीतरी गोष्टी निघून गेल्या.

आपल्या 'ब' इमारतीत तळमजल्यावर रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहायचे. नाव घेत नाही, त्यांच्या घरच्यांची तशी इच्छा आहे. सगळे त्यांना फिटरकाका म्हणायचे, मीही तेच म्हणतो. बोलणं कमी. संध्याकाळी पिशवी घेऊन स्टेशनकडे जायचे आणि पिशवी भरून यायचे. पुठ्ठ्याची जुनी तिकिटं तुम्हाला आठवतात? इंचभर रुंद, सव्वादोन इंच लांब, टीसीनं चिमट्यानं खाच पाडलेली. संगणकाची तिकिटं आली आणि ती गेली. काकांनी ती वर्षानुवर्षं जमवलेली होती. शिवाय बाटल्यांची बुचं, फ्यूजच्या तारा, मोडकी टॉर्च, सायकलची घंटी, सिग्नलच्या दिव्याच्या रंगीत काचेचे तुकडे. हे सगळं ते प्लायवूडवर बसवायचे. घरात जागा पुरेना, तेव्हा त्या फळ्या जिन्याखाली आणि मीटररूममध्ये उभ्या करून ठेवू लागले. सात-आठ फळ्या आणि चार पोती सामान.

सोसायटीचं अकरावं वर्ष. मी नुकताच निवृत्त झालेलो आणि सचिव झालेलो. निवृत्त बँक अधिकारी सचिव झाला की सोसायटीचं काय होतं, ते तुम्ही सगळ्यांनी भोगलंय. तक्रारी आल्या. उंदीर होतात, लेकरांच्या पायाला खिळा लागेल, मीटररूममध्ये आग लागली तर? तक्रारी खोट्या नव्हत्या, हेही सांगतो. मी नोटीस काढली. पंधरा दिवसांची मुदत. काकांनी काही हलवलं नाही. एके सकाळी मी स्वतः त्यांच्याकडे गेलो. ते जिन्याखाली बसून तार वाकवत होते.

मी म्हटलं, "काका, नोटीस वाचलीत का?"

"वाचली की, साहेब."

"मग हे भंगार कधी उचलताय?"

ते म्हणाले, "साहेब, ते भंगार न्हाई. भंगार असतं तर म्या यार्डातच सोडून आलो असतो."

मला हे उत्तर उर्मटपणाचं वाटलं. सोळाव्या दिवशी मी भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं फळ्यांवरचं लोखंड-पितळ उचकटलं, प्लायवूड वेगळं, पुठ्ठा वेगळा, सगळं काट्यावर ठेवलं. ६४० रुपये झाले. मी पावती फाडली आणि कीर्दीत नोंद केली. जमा, भंगार विक्री, रुपये ६४०. माझ्याच अक्षरात आहे. काका दारात उभे होते. भांडले नाहीत. फक्त एवढंच विचारलं, "पावती बरोबर फाडली ना, साहेब?" मी म्हटलं, "हो, फाडली." मला त्या वेळी अभिमान वाटला की माझा हिशेब चोख आहे.

पुढे ते संध्याकाळी स्टेशनकडे जाईनासे झाले. त्याच्यामुळेच, असं मी म्हणणार नाही, वयही झालं होतं. सहा वर्षांपूर्वी ते गेले. मी खांदा द्यायला होतो. पण त्या विषयावर आमचं पुन्हा बोलणं झालं नाही. मी काढला नाही, त्यांनी काढला नाही.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पलंगावर पडून श्विटर्सच्या एका चित्राचा फोटो बघत होतो. त्यात ट्रामचं तिकीट होतं, खाच पाडलेलं. मला एकदम जिन्याखालची ती फळी आठवली. त्या रात्री झोप लागली नाही. बॉम्बनं घर गेलं त्याला युद्ध कारण होतं. इथं कसलं युद्ध होतं? नोटीस होती आणि मी होतो.

तुमच्यापैकी पुष्कळ जण चंदीगडचं रॉक गार्डन बघून आलात. ते करणारे नेकचंद हे सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्याचे निरीक्षक होते. फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरशा, जुने दिवे गोळा करून सरकारी जंगलात चोरून, रात्री, सायकलच्या टायरच्या उजेडात ते मूर्ती करायचे. अठरा वर्षं कुणाला पत्ता नव्हता. १९७५ च्या सुमारास सरकारला कळलं. जागा सरकारी, काम बेकायदा, नियमानं पाडायलाच हवं होतं. पण काही अधिकाऱ्यांनी आधी आत जाऊन बघितलं, आणि मग ठरवलं. १९७६ ला बाग लोकांना खुली झाली, नेकचंदना तेच काम, त्याचाच पगार आणि हाताखाली पन्नास मजूर दिले. १९८४ ला पद्मश्री. नियम त्यांच्याकडेही होता आणि माझ्याकडेही होता. त्यांनी आधी बघितलं. मी बघितलंच नाही. पंधरा दिवसांत एकदाही मी ती फळी हातात घेऊन उजेडात धरली नाही.

आता यंदाची गोष्ट. रौप्यमहोत्सवासाठी रंगकाम काढलं. मीटररूमच्या खिडकीला आतून एक प्लायवूड ठोकलेलं होतं. उंदीर येतात म्हणून त्या वेळच्या वॉचमननं ठोकलं असणार. रंगाऱ्यानं ते काढलं आणि मला हाक मारली, "साहेब, हे टाकायचं का ठेवायचं?" उलटं करून बघितलं तर काकांची फळी. भंगारवाल्याच्या हातून एक सुटली होती. चित्राची बाजू भिंतीकडे होती, म्हणून धूळ सोडता फारसं काही झालं नव्हतं.

तीन फूट बाय दोन फूट. वरच्या बाजूला स्टेशन आहे, पुठ्ठ्याच्या तिकिटांचं. पूर्णा ते वसमत, पूर्णा ते हिंगोली, पूर्णा ते परभणी, एकावर एक विटांसारखी लावलेली. छपाई अजून वाचता येते. खाली पूर्णा नदी, हिरव्या-निळ्या काचेच्या बारीक तुकड्यांची. मधून रूळ. मोठी लाईन जाड तारेची, मीटरगेज बारीक तारेची, काड्यापेटीच्या काड्यांचे स्लीपर. चाकं सोड्याच्या बुचांची. सिग्नलचा दांडा टूथब्रशचा. मीटरगेजची तार अकोल्याच्या दिशेनं जाते आणि फळीच्या कडेला पोचायच्या आधी लाकूड सोडून वर उचलली जाते. खिळा मारलेला नाही. आधी मला वाटलं निखळली असेल. नीट बघितलं तर टोक मुद्दाम गोल वळवलेलं आहे, हाताला लागू नये म्हणून. फिटरचं काम. रंगाऱ्यानं बॅटरी धरली तेव्हा त्या तारेची सावली लाकडावर पडली, आणि रूळ जिथे संपतो तिथून पुढे सावलीचा रूळ गेला.

काकांनी श्विटर्सचं नाव ऐकलेलं नव्हतं, सामंतांचंही नाही. काकांना त्या दोघांच्या पंक्तीला बसवायला मी उठलेलो नाही. तेवढं मला कळत नाही. पण एवढं कळतं की ते भंगार नव्हतं, आणि हे मला त्याच्या मालकानं स्वतः सांगितलं होतं.

मी ती फळी घेऊन काकूंकडे गेलो. काकू आज इथं पहिल्या रांगेत बसल्यात. मी खिशात ६४० रुपये नेले होते. मूर्खपणाच तो, पण दुसरं काय न्यावं सुचेना. काकूंनी पदरानं फळी पुसली. बराच वेळ बघत राहिल्या. मग एका तिकिटावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे आमचं लगीन झाल्यावर वसमतहून आलो त्याचं." पैशाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हे ठिवा तुमच्यापाशी. ते लटकवा कुठंतरी, लोकाच्या नजरेला पडंल असं."

म्हणून माझ्या भाषणाचा शेवट म्हणजे एक विनंती अर्ज आहे. बँकेत चुकीची नोंद खोडत नाहीत, व्हाइटनर लावत नाहीत. चूक तशीच ठेवून तिची उलट नोंद करतात, म्हणजे चूक झाली होती हेही दिसतं आणि दुरुस्त केली हेही दिसतं. माझी अध्यक्ष आणि कार्यकारिणीला विनंती आहे की ही फळी आपल्या सभागृहात, खिडकीच्या समोरच्या भिंतीवर, संध्याकाळचा उजेड येईल अशी लावावी. खाली काकांचं नाव काकू सांगतील तसं लिहावं. ६४० रुपये मी आज सोसायटीत भरतोय. पावतीवर 'देणगी' लिहू नका. 'अकराव्या वर्षीच्या भंगार विक्रीची दुरुस्ती' असं लिहा.

आणि दुसरं, सध्याच्या आणि पुढच्या सचिवांना. नोटिसा काढा, जरूर काढा, जिने मोकळे हवेतच. मीटररूममध्ये सामान नकोच. पण उचलायच्या आधी एकदा उजेडात धरून बघा. जुनी पंपरूम रिकामी पडून आहे. कुणाला असलं काही करायचं असेल, लेकरांना, म्हाताऱ्यांना, तर तिथं एक टेबल आणि एक ट्यूबलाईट एवढं पुरे. लाईटबिल मी देतो, माझ्या पेन्शनमध्ये बसतं.

वीस मिनिटं होऊन गेली, सचिव घड्याळ दाखवतायत. काकू, मी तुमची आणि काकांची, सगळ्यांच्या समोर माफी मागतो. ते दारात उभे होते तेव्हाच मागायला हवी होती.

नमस्कार.

(ता. क. : कार्यकारिणीने त्याच संध्याकाळी फळी सभागृहात लावली. पावती माझ्या फाइलला लावून ठेवली आहे.)